दार किती मिनिटं टिकतं?

कुठल्याही मराठी वर्तमानपत्राचं जिल्हा पान उघडा. ‘बंद घराचा कडी-कोयंडा तोडून अज्ञात चोरट्यांनी कपाटातील दागिने व रोख रक्कम लंपास केली’ ही बातमी ठरलेली. गाव बदलतं, तोळे बदलतात, कडी-कोयंडा तोच. घर कुठून फुटतं हे पोलीस, पत्रकार आणि चोर वर्षानुवर्षं एका सुरात सांगत आहेत. तरीही एखाद्या सोसायटीत घरफोडी झाली की पुढच्या सभेत ठराव होतो तो आणखी आठ कॅमेऱ्यांचा, फाटकावरच्या जाड रजिस्टरचा आणि घरकामाला येणाऱ्या बायकांच्या ओळखपत्रांचा. ज्या दारातून चोर आत गेला, ते दार विषयपत्रिकेवर येतच नाही.

आपला सगळा खर्च बघण्यावर होतो, अडवण्यावर होत नाही. हा क्रम उलटा व्हायला हवा. आणि तो उलटा करण्याची जबाबदारी एकट्या घरमालकावर ढकलून बिल्डर आणि नियम करणारे मोकळे होऊ शकत नाहीत.

आधी कॅमेऱ्याचा हिशेब करू, कारण भाबडी श्रद्धा तिथेच जास्त आहे. माणूस ओळखता यावा यासाठी चित्रात दर मीटर रुंदीमागे २५० पिक्सेल (चित्राचे ठिपके) हवेत, असं कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाची (आयईसी ६२६७६-४) २०१४ची आवृत्ती सांगते. सर्रास बसवला जाणारा फुल एचडी कॅमेरा आडवे १९२० पिक्सेल देतो. म्हणजे त्याच्या चौकटीत साडेसात मीटरच्या आसपास रुंदी बसवली, तरच चेहरा ओळखण्याजोगा येतो. प्रत्यक्षात तो पार्किंगच्या कोपऱ्यात बारा फुटांवर टांगून तीस मीटरचा पट्टा ‘कव्हर’ केलेला असतो. तिथे मीटरमागे ६४ पिक्सेल उरतात. कोणीतरी चाललंय एवढं दिसतं, कोण ते कळत नाही. शिवाय इतक्या उंचीवरून दिसते ती टोपी. चेहऱ्यासाठीचा एक कॅमेरा जिन्याच्या किंवा लिफ्टच्या तोंडाशी, सहा-सात फुटांवर, अरुंद चौकटीचा असावा. असा एक कॅमेरा पार्किंगमधल्या चारांना भारी पडतो.

मग साठवणुकीचा प्रश्न. फुल एचडी चित्रण २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) साठवलं, तर एका कॅमेऱ्याला दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात. आठ कॅमेऱ्यांना १७३ जीबी. ठेकेदार बहुतेक वेळा देतो ती १ टीबीची हार्ड डिस्क सहाव्या दिवशी स्वतःवरच पुसून लिहायला लागते. दिवाळीला माणसं दहा-बारा दिवस गावी जातात, परत आल्यावर घर फुटलेलं दिसतं आणि तोवर त्या रात्रीचं चित्रण उडालेलं असतं. आठ कॅमेऱ्यांचं तीस दिवसांचं चित्रण हवं तर किमान ६ टीबी लागतात. डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) वॉचमनच्या केबिनमध्ये, टेबलाखाली उघडा ठेवणं म्हणजे चोराला पुरावा बांधून देणं. जाताना डीव्हीआरच उचलून नेल्याच्या बातम्या काही कमी नाहीत. तो कुलूपबंद लोखंडी पेटीत, फाटकापासून लांब, यूपीएसवर हवा. घड्याळही महिन्यातून एकदा तपासावं, कारण डीव्हीआरची वेळ चाळीस मिनिटं पुढे असली की साक्षीदाराची उलटतपासणी तिथूनच सुरू होते. चित्रण कोर्टात पुरावा म्हणून टिकायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यातल्या ६५-ब प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पक्की केली, तीही जालन्याच्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निवडणूक खटल्यात. आपल्या किती सोसायट्यांच्या सचिवांना हे ठाऊक आहे?

हे सगळं नीट केलं तरी कॅमेरा चोरी झाल्यावर कामाला येतो. तोंडाला रुमाल बांधून आलेल्याला त्याची भीती वाटत नाही. चोराला भीती असते ती वेळेची आणि आवाजाची. दिवसा दोघंही नोकरीवर गेलेल्या घराची तो बेल वाजवून खात्री करून घेतो, कोणी दार उघडलंच तर कुणाचं तरी खोटं नाव विचारतो. त्यानंतर त्या जिन्यात उभं राहण्याची त्याची तयारी फार थोडा वेळ असते. लिफ्ट वर येईल, समोरचं दार उघडेल, कुरिअरवाला येईल. दार त्या वेळात उघडलं नाही, तर तो निघतो. म्हणून दाराला विचारायचा प्रश्न एकच: तू किती मिनिटं टिकतंस?

आता कडी-कोयंड्याकडे जवळून बघू. लोक पैसे घालतात कुलपात. सात लिव्हरचं, भरीव पितळेचं, कडक पोलादी कडीचं कुलूप आणतात आणि ते अडकवतात अशा कोयंड्यात, जो पाऊण इंची चार स्क्रूंवर लाकडाला चिकटलेला असतो. कटावणीचं टोक कोयंड्याच्या पाठीमागे सारून एक हिसका दिला की स्क्रू लाकडाचे रेशे घेऊन बाहेर येतात. पंचनाम्यात कुलूप बहुधा शाबूत, बंद अवस्थेत, कोयंड्यासकट जमिनीवर सापडतं. कडी-कोयंडा ठेवायचाच असेल तर तो दाराच्या आरपार जाणाऱ्या ८ मिमीच्या बोल्टांनी, आतल्या बाजूला लोखंडी पट्टी आणि नट लावून बसवावा. बाहेरून दिसणारं बोल्टाचं डोकं गोल असावं, म्हणजे पाना लागणार नाही. चौकटीच्या बाजूलाही तसंच करावं. तरी एक खोट राहतेच. बाहेर लटकणारं कुलूप जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत असतं, की घरात कोणी नाही. म्हणून फ्लॅटला दाराच्या आत बसणारं, घरात कोणी आहे की नाही हे बाहेरून कळू न देणारं कुलूपच योग्य.

पण तिथेही गफलती आहेत. ‘नाइट लॅच’ बसवून माणसं दार नुसतं ओढून घेतात. ओढल्यावर जी जीभ लागते ती स्प्रिंगवरची, तिरक्या तोंडाची. प्लास्टिकच्या पातळ पट्टीने ती मागे सरकते. चावीचे फेरे दिल्यावर चौकोनी बोल्ट बाहेर येतो, तो खरा. हा बोल्ट चौकटीत किमान २० मिमी शिरला पाहिजे. दुसरी गफलत मॉर्टिस कुलपाची, म्हणजे दाराच्या जाडीत खाच मारून बसवलेल्या कुलपाची. आपल्याकडच्या मुख्य दाराचं फ्लश डोअर ३० ते ३५ मिमी जाड असतं. ३० मिमीच्या दारात कुलपासाठी १८-२० मिमीची खाच मारली की दोन्ही बाजूंना पाच-सहा मिमीची टरफलं उरतात. महागडं कुलूप दाराच्या सर्वांत अशक्त जागी जाऊन बसतं. दार ३५ मिमीचं, आतून भरीव असावं, किंवा कुलपाच्या जागी दोन्ही अंगांना पोलादी पत्रा लावून तो आरपार बोल्टांनी आवळावा. चावी ज्यात शिरते तो कुलपाचा सिलिंडर बाहेरच्या पट्टीच्या पुढे ३ मिमीपेक्षा जास्त आला असेल तर पकडीत धरून मधोमध मोडता येतो. इथे सुताराचा आळस नडतो. ६० मिमीचा सिलिंडर हवा असताना त्याच्याकडे ७० मिमीचा असतो आणि तो तोच ठोकून मोकळा होतो.

आणि चौकट! लाथ किंवा पहार बसल्यावर कुलूप क्वचितच तुटतं, फुटते ती चौकट. बोल्ट ज्या पट्टीत शिरतो त्या पट्टीचे दोन स्क्रू काढून बघा, अर्धा-पाऊण इंचाचे निघतील. त्याजागी ७५ मिमीचे स्क्रू घाला. अडीच इंची चौकटीतून ते मागच्या भिंतीपर्यंत पोचतात. भिंत पोकळ किंवा भुसभुशीत असेल तर कुलपाच्या आणि बिजागऱ्यांच्या उंचीवर चौकटीतून भिंतीत १० मिमीचे अँकर फास्टनर (भिंतीत फुगून घट्ट बसणारे बोल्ट) मारा. मुळात चौकट उभी करतानाच दोन्ही बाजूंना तीन-तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) काँक्रीटमध्ये गाडायचे असतात. काम उरकायच्या घाईत ते निम्मे होतात किंवा नुसत्या मसाल्यात टेकवले जातात. ओळखायची खूण सोपी आहे. बंद दाराला कुलपाजवळ खांद्याने रेटा द्या. चौकटीच्या कडेने प्लास्टरला उभी भेग असेल आणि ती रेट्यासरशी उघडझाप करत असेल, तर तुमचं घर त्या भेगेइतकंच सुरक्षित आहे.

सेफ्टी डोअरबद्दल एवढंच, की त्याच्या जाळीतून हात घालून आतली कडी निघत असेल तर तो फक्त हवेशीर दरवाजा आहे. कुलपाभोवती फूटभर लांब-रुंद पत्रा वेल्ड करा. बाहेर उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्यांच्या पिना बाहेर असतात. त्यांची डोकी वेल्ड करा किंवा बिजागरीच्या बाजूने चौकटीत शिरणारे दोन पोलादी खुंट बसवा. एक पथ्य मात्र पाळाच: आतल्या माणसाला कुठलंही दार चावीशिवाय उघडता आलं पाहिजे. आग लागली की अंधारात, धुरात चावी सापडत नसते. खिडक्यांच्या ग्रिलचं तेच. मुंबईच्या इमारतींतल्या पेटीवजा ग्रिल्समुळे आगीत अडकलेल्यांना बाहेर काढताना अग्निशमन दलाचा जीव मेटाकुटीला येतो. एका ग्रिलला आतून उघडणारी दीड-दोन फुटांची झडप हवीच. तिला कुलूप घालावंच लागलं तर चावी आतल्या माणसाच्या हाताशी, पण बाहेरच्याचा हात पोचणार नाही अशा अंतरावर टांगावी.

ग्रिल अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीला स्क्रूने लावलेलं असेल तर ते शोभेचं. १२ मिमीचे चौकोनी गज, चार इंचांचं अंतर आणि गजांची टोकं भिंतीत गाडलेली, असं हवं. सरकत्या खिडकीची काच वरच्या खोबणीत उचलून बाहेर काढता येते. वरच्या पट्टीत एक-दोन स्क्रू असे मारा की उचलायला जागाच राहणार नाही. बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती संडास-बाथरूमची पट्ट्यांची खिडकी. काचेच्या पट्ट्या हाताने एकेक निघतात, बाहेर डक्टमध्ये सांडपाण्याचे पाइप शिडीसारखे उभे असतात, आणि सडपातळ माणसाला तेवढी फट पुरते. आठ गजांचा खर्च करायचा असेल तर हॉलच्या खिडकीआधी इथे करा.

गावाकडचं गणित वेगळं. तिथे चोर रात्री येतात, घरात माणसं झोपलेली असताना, आणि येताना आधी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या लावून टाकतात. आरडाओरडा झाला तरी मदतीला येणारे आपापल्या घरात कोंडलेले. दोनशे रुपयांचा उपाय त्यावर आहे: घरात असताना बाहेरच्या कडीला उघड्या स्थितीतच छोटं कुलूप घालून ठेवायचं, किंवा ती कडीच काढून टाकायची. गावभर हे झालं तर चोरांची एक मोठी सोय संपते. ग्रामसुरक्षा यंत्रणेत एका फोनवर बोललेला निरोप गावातल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी जातो. ती उपयोगी आहे, पण दार उघडून बाहेर येता आलं तरच.

भोंग्याच्या अलार्मची शिफारस करावीशी वाटते, कारण चोराला आवाज नको असतो. दाराच्या चुंबकी संपर्काला जोडलेला भोंगा स्वस्त आणि भरवशाचा. खोलीतली हालचाल टिपणारा सेन्सर मात्र आपल्या घरांत पालींमुळे वेडा होतो. पाल त्याच्या भिंगावरून गेली की भर दुपारी भोंगा. तिसऱ्या खेपेनंतर शेजारी लक्ष देणं सोडतात, आणि नेमकं चौथ्या खेपेला चोर असतो. म्हणून हालचालीचा सेन्सर लावूच नये, किंवा दोन वेगळ्या सूचना एकदम आल्यावरच वाजेल असा लावावा.

सोन्याबद्दल थोडक्यात. लोखंडी कपाटाचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो आणि आतला ‘लॉकर’ जाड स्क्रूड्रायव्हरने वाकतो. चावी साड्यांच्या घडीखाली असते हे चोराला आपल्या सुनेआधी माहीत असतं. सणापुरते दागिने आणून परत बँकेत ठेवावेत. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२पासूनच्या नियमांप्रमाणे चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याचा गैरव्यवहार झाला तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भाडं ३,००० असेल तर ३ लाख. आजच्या भावात ते अपुरं आहे, पण कपाटापेक्षा बरं. ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विम्यात आग, पूर अशा आपत्तीनंतरच्या सात दिवसांत झालेली चोरीच धरली जाते. घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, हे अनेकांना दावा फेटाळल्यावर कळतं.

घरात माणूस असताना कोणी घुसलं तर? झोपायच्या खोलीचं दार भरीव, त्याला आतून मजबूत बोल्ट, फोन उशाशी, ११२ला फोन आणि खिडकीतून आरडाओरडा. चोराला पळायची वाट मोकळी ठेवावी. सोनं घेऊन जात असेल तर जाऊ द्यावं. समाजमाध्यमांवरची ‘कायद्याने आता चोराला ठार मारता येतं’ ही अर्धवट माहिती धोकादायक आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत खाजगी बचावाचा हक्क आहे, आणि कलम ४१ प्रमाणे सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घर फोडणाऱ्याविरुद्ध तो मृत्यू घडवण्यापर्यंतही जाऊ शकतो. पण कलम ३७ त्याला वेसण घालतं: बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका अवधी असेल तर हा हक्कच उरत नाही. पळणाऱ्याच्या पाठीवर घातलेला घाव किंवा पकडून बांधून केलेली मारहाण यात बसत नाही.

कुंपणात वीज सोडणाऱ्यांनी तर १९६३चा चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य हा निकाल वाचावा. ग्रेगरीने आपल्या संडासात कोणी येऊ नये म्हणून जिवंत तार लावली. शेजारची, स्वतःच्या संडासाची भिंत पडल्यामुळे तिथे आलेली बाई तारेला चिकटून मेली. सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम ठेवली. विनापरवानगी आत आलेल्यालाही सापळा लावून मारता येत नाही, हे तेव्हापासून स्पष्ट आहे. आपल्या शिवारात रानडुकरांसाठी आणि ‘चोरांसाठी’ तारांत वीज सोडणं अजून थांबलेलं नाही.

याहून भयंकर सापळा म्हणजे अफवा. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने मारले. १६ एप्रिल २०२०च्या रात्री पालघरच्या गडचिंचल्यात चोर समजून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी चोरी झाली की पहिलं बोट आजही पारध्यांच्या पालाकडे जातं. ज्या गावाने दारांवर खर्च केलेला नसतो, त्याच्याकडे रात्री जागण्यासाठी फक्त भीती उरते. गस्त घालायचीच तर ती पोलीस ठाण्याला कळवून, ठरावीक माणसांची, शिट्टी आणि टॉर्चची असावी. काठ्यांची नको. शहरातल्या सोसायट्याही वेगळं काही करत नाहीत. घरकामाच्या बायकांची पिशवी तपासतात आणि बारा तास उभ्या असलेल्या, पाण्याचा पंपही चालू करणाऱ्या एकट्या वॉचमनवर मागच्या भिंतीची जबाबदारी टाकतात.

आता नियमांकडे. नेदरलँड्समध्ये १९९९पासून प्रत्येक नव्या घराची दारं-खिडक्या घरफोडीला तोंड देणारी असणं सक्तीचं झालं. बेन व्होलार्ड आणि यान व्हान आउर्स या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली तपासलं, तेव्हा नव्या घरांतल्या घरफोडीचं वार्षिक प्रमाण १.१ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचं दिसलं. इंग्लंडमध्येही २०१५पासून नव्या घरांना अशी अट आहे. युरोपच्या मानकात दाराचे वर्गच मिनिटांत मोजतात: दुसरा वर्ग साध्या हत्यारांपुढे ३ मिनिटं, तिसरा वर्ग कटावणीपुढे ५ मिनिटं. आपल्या चोराचं मुख्य हत्यार कटावणी असल्याने आपल्याला तिसऱ्या वर्गाच्या जवळपासचं काहीतरी हवं. आपल्या बांधकाम नियमांत जिन्याची रुंदी, आगीची दारं, खिडकीचं क्षेत्रफळ अशी सगळी मापं आहेत. पहारीपुढे मुख्य दार किती टिकावं, याची सक्ती कुठे नाही. जाहिरातीत ‘आकर्षक लॅमिनेटेड मेन डोअर, ब्रँडेड फिटिंग्ज’ एवढ्यावर भागतं.

दर चौरस फुटाला हजारोंनी पैसे घेणाऱ्याला एका घरामागे एक भरीव दार, सहा नीट गाडलेले होल्डफास्ट, मूठभर लांब स्क्रू आणि योग्य लांबीचा सिलिंडर परवडत नाही, हे पटण्यासारखं नाही. घराच्या किमती वाढतील ही ओरड इथे चालणार नाही, कारण हेच काम ताबा घेतल्यावर फोडतोड करून करायला कितीतरी जास्त लागतात. राज्याने मुख्य दार, चौकट आणि तळमजल्याच्या खिडक्यांपुरतं मानक ठरवावं, आणि विक्री करारातल्या विनिर्देशांत दाराची जाडी, आतला गाभा आणि चौकटीची जोडणी लिहिणं सक्तीचं करावं.

तोवर करता येण्याजोगं एक आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या दर्जातला दोष दाखवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. हलणारी चौकट हा दोष आहे की नाही यावर वाद घालता येईल, घालावाच. ताब्याच्या दिवशी टाइल्स वाजवून बघतो तसा दाराला खांदा लावावा, बोल्टाच्या पट्टीचा एक स्क्रू काढून फुटपट्टीशेजारी ठेवून फोटो घ्यावा, आणि बाकीच्या तक्रारींच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर लेखी द्यावा.